मराठी आली की फोन कट

माझ्या इंग्रजीच्या क्लासला फळा नव्हता, बाकं नव्हती, बरीच वर्षं दारावर पाटीही नव्हती. एक मोबाइल, एक दोनशे पानी वही आणि एक नियम एवढ्यावर तो चालला. मोबाइल तीनदा बदलले, वह्या रद्दीत गेल्या. नियमाचं काय झालं ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले होते, "ताई, विद्यार्थ्यांच्या गमती लिहा. दिवाळी आहे, हलकंफुलकं असू द्या." गमती आहेत, त्या लिहितेच. पण त्यांच्या मागे एक प्रसंग असा उभा आहे की तो वगळून बाकीचं लिहिलं तर ती क्लासची जाहिरात होईल. क्लास बंद झाला आहे, त्यामुळे जाहिरातीचा उपयोगही नाही.

मी मुळात शिक्षिका नाही. नव्वदच्या दशकात अंबडच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते, टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. बाहेरचा फोन आधी माझ्याकडे यायचा. कोण, कुठून, कशाबद्दल हे विचारून मी तो आत जोडून द्यायची. शिक्षण बी.कॉम., तेही मराठीतून. इंग्रजी यायचं ते कामापुरतं. 'प्लीज होल्ड द लाइन', 'ही इज ऑन द अदर लाइन', 'मे आय नो हूज कॉलिंग' अशी पंचवीस-तीस वाक्यं. ती मी इतक्या झोकात म्हणायची की बंगलोर-मद्रासची माणसं मला कॉन्व्हेंटची समजत. एकतिसावं वाक्य लागेल असं वाटलं की मी फोन साहेबांना जोडून मोकळी व्हायची. हे तेव्हा मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मग कारखान्यात नवं यंत्र बसलं. फोन आपोआप ज्याच्या त्याच्या टेबलावर जाऊ लागले आणि माझी खुर्ची गेली. घरी बसणं मला जमत नाही. अंबड लिंक रोडला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि आजूबाजूला खोल्या करून राहणारी कारखान्यांतली मुलंमुली. सगळ्यांना इंग्रजी हवं होतं आणि तिन्ही पाळ्यांत काम करणाऱ्यांना ठरलेल्या वेळी क्लासला जाणं शक्य नव्हतं. त्याच सुमाराला, म्हणजे दोन हजार तीन-चारच्या आसपास, मोबाइल ज्याच्या त्याच्या हातात आले आणि येणारे फोन फुकट झाले. मी म्हटलं, तुम्ही माझ्याकडे येऊ नका, मी तुमच्याकडे येते. फोनवर.

पद्धत सोपी होती. प्रत्येकाची रोजची वेळ ठरलेली. त्या वेळेला विद्यार्थ्यानं मला मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे तो मोकळा आहे, रेंज आहे. मी उलट फोन करायचा आणि पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. आज काय केलंस, जेवायला काय होतं, मशीन का बंद पडलं. सकाळी सगळ्यांना एक वाक्य एसएमएसनं जायचं. रविवारी सकाळी जमेल त्यानं घरी यायचं, सतरंजीवर बसायचं.

आणि नियम: बोलताना मराठी शब्द आला की फोन कट. समज नाही, दुसरी संधी नाही. त्या दिवसाचा क्लास संपला.

नियम मला बोर्डावर बसून सुचला होता. समोरासमोर अडलेला माणूस हात हलवतो, हसतो, बोट दाखवतो. फोनवर यातलं काही चालत नाही. तिथे अडलेल्याला पळायला एकच दार असतं, आपली भाषा. ते मी बंद करायची. लोक पहिले आठ दिवस चिडत, मग घाबरत आणि महिन्याभरात खरोखर बोलायला लागत. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, आजही थोडा आहे.

क्लासला नाव घातल्याबरोबर मी विद्यार्थ्याचा मोबाइल हातात घेऊन त्यातली भाषा इंग्रजी करून टाकायची. हिंदीत ठेवलेलीही चालत नसे. सोमनाथ नावाचा लेथ चालवणारा एक गडी होता. त्याला इंग्रजी मेनू नको होता. घरी जाऊन त्यानं हिंदी शोधता शोधता दक्षिणेकडची कुठलीशी लिपी लावून ठेवली. गोल गोल जिलब्या. परत कसं यायचं ते कळेना, कारण परतीची वाटही जिलब्यांतच लिहिलेली. रविवारी आला तेव्हा मी म्हटलं, "अरे आठ दिवस फोन वापरलास कसा?"

"मोजून, मॅडम. तीनदा खाली, एकदा ओके, म्हंजे मेसेज. वर दोनदा, म्हंजे नंबर. लय सोपं हाय. वाचायचंच नाय."

सगळे हसले. मीही हसले आणि फोन परत इंग्रजी करून दिला. माणसं वाट काढतात, भाषेवाचूनही काढतात, एवढं त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हरकत नव्हती.

दुसरी गंमत पंचवटीच्या गुरुजींची. वय साठीचं. दक्षिणेतून, परदेशातून यजमान येत, बरोबर त्यांची मराठी न कळणारी नातवंडं. त्यांना विधी समजावून सांगण्यापुरतं इंग्रजी गुरुजींना हवं होतं. त्यांची वेळ दुपारी दोनची, जेवण करून गोदाकाठच्या ओट्यावर बसल्यावरची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधेच त्यांनी विचारलं, "ताई, अपसव्यला इंग्रजीत काय म्हणावं?"

मी फोन कापला. दोन मिनिटांत त्यांचा फोन.

"ताई, लाइन कटली."

"कटली नाही गुरुजी, मी कापली. नियम आहे. मराठी शब्द आला."

"अहो, अपसव्य मराठी कुठं? संस्कृत आहे!"

हा किस्सा मी पुढे दहा वर्षं लग्नकार्यांत सांगितला. त्यातला एक भाग मात्र कधी सांगितला नाही. जानवं उजव्या खांद्यावर घेण्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. फोन कापला तो नियमापेक्षा जास्त त्याच्यामुळे. गुरुजींनी पुढे आपलंच चालवलं. "नाऊ अपसव्य. थ्रेड, धिस साइड," असं म्हणून खांद्यावर थाप मारायचे आणि पोरं बरोबर करायची. महिन्याभरात त्यांनी क्लास सोडला. काम होत होतं, मग क्लास कशाला?

ही युक्ती मला सापडली आणि मग सवयीची झाली. विद्यार्थी अडला की मराठीत शब्द विचारतो. तो शब्द मला येत असेल तर मी कधीमधी मोठ्या मनानं सांगायची. येत नसेल तर नियम. फोन कापायला अंगठा पुरतो. समोरच्याला वाटतं आपलं चुकलं. बोर्डावर असताना मी एकतिसाव्या वाक्याला फोन साहेबांकडे जोडून द्यायची. इथे साहेब नव्हते, म्हणून लाल बटण.

आता कल्पना.

कल्पना भोये पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली. घरी तिची बोली, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी आणि माझ्याकडे इंग्रजी. अंबडच्या एका स्विच बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होती. वय तेवीस. अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. तिची वेळ सव्वाचारची, पहिली पाळी सुटल्यावर. खोलीत रेंज नसायची म्हणून ती गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून बोलायची. मागे कपडे आपटल्याचे आवाज येत.

पॅकिंगचं काम ठेकेदाराकडून असतं. सात महिने झाले की 'ब्रेक' देतात. म्हणजे घरी जा, पुन्हा बोलावलं तर या. ब्रेक मिळाला की कल्पना आईबरोबर दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांत कामाला जायची. तिथून पुन्हा कारखान्याच्या गेटवर येऊन उभं राहायचं. अशी तिची चार वर्षं गेली होती.

तिच्या कारखान्यातल्या डिस्पॅचच्या ऑफिसमधली मुलगी लग्न ठरल्यामुळे सोडून चालली होती. ती जागा कायमची होती, तिला ब्रेक नव्हता. काम एवढंच की परराज्यांतल्या ग्राहकांचे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन घ्यायचे आणि माल कुठे पोहोचला ते सांगायचं. सुपरवायझरनं कल्पनाचं नाव पुढे केलं होतं. पुण्याच्या मोठ्या ऑफिसातले साहेब फोनवर मुलाखत घेणार होते. हाती दोन महिने होते. ती माझ्याकडे आली तेव्हा पहिलंच वाक्य हे होतं: "मॅडम, मला परत द्राक्षात जायचं नाय."

मी म्हटलं, "मग आजपासून मराठी बंद."

तिनं ते शब्दशः घेतलं. तिच्यासारखी विद्यार्थिनी मला ना आधी मिळाली ना नंतर. पहिल्या आठवड्यात रोज फोन कापला जायचा, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात एकदाही नाही. मग मी नवा खेळ काढला. फसवायचं. इंग्रजीत बोलता बोलता मी मधेच हळूच म्हणायची, "चहा झाला का गं?" ती "हो मॅडम" म्हणाली की कट. दोनदा फसली, तिसऱ्यांदा नाही.

एक दिवस बोलता बोलता माझ्याच कुकरची शिट्टी झाली आणि मी खरोखर विसरून म्हटलं, "अगं थांब, गॅस बंद करते." पलीकडून फोन कट! तिनं माझा फोन कापला होता. मला इतकं कौतुक वाटलं की रविवारी सगळ्यांसमोर तिला उभं केलं. "हिच्याकडून शिका. मी स्वतः मराठी बोलले तरी हिनं सोडलं नाही. लक्षात ठेवा, समोर कोणीही असो, मराठी आली की फोन कट." सतरंजीवरच्या दहा-बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. कल्पना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. ती पॅकिंगचं काम इंग्रजीत सांगत होती. खोक्यात माल ठेवल्यावर तो हलू नये म्हणून मधे जे भरतात, तिथे अडली. "मॅडम, एकच शब्द. ते भरतात ना आत, त्याला काय म्हणायचं?" मला माहीत नव्हतं. मी कापला. रविवारी ती म्हणाली, "मॅडम, डिस्पॅचमधी विचारलं. फिलर म्हणतात."

मी म्हटलं, "करेक्ट. तू शोधून काढतेस का तेच मला बघायचं होतं."

ती मनापासून हसली. तिला ते खरं वाटलं.

मुलाखत एका गुरुवारी अकराला झाली. सुपरवायझरनं तिला लाइनवरून सोडून आपल्या केबिनमध्ये बसवलं होतं. फोन तिच्याच मोबाइलवर येणार होता. मी घरी घड्याळाकडे बघत भाजी निवडत होते.

सव्वाचारला मिस्ड कॉल आला. मी लगेच फोन लावला. कल्पना एका दमात इंग्रजीत बोलत सुटली. ते इंग्रजी जसंच्या तसं माझ्या कानात आहे, पण इथे मराठीतच सांगते. साहेबांनी नाव विचारलं, काम विचारलं, गाडी उशिरा आली तर ग्राहकाला काय सांगशील ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं. साहेब 'गुड, गुड' म्हणाले. आणि मग त्यांनी तिला फसवायला बघितलं. एकदम मराठीत म्हणाले, "छान बोलता की. बरं, आता सांगा, गाव कोणतं तुमचं? घरी कोण कोण असतं?"

"सर स्पीक मराठी," ती म्हणाली. "आय कट."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"देन सर कॉल अगेन. ही से, फोन कट झाला का? आय कट अगेन. टू टाइम्स, मॅडम!"

तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. सुपरवायझरलाही तिनं सांगितलं होतं, सरांनी फसवलं पण मी फसले नाही.

त्या क्षणी मी काय बोलायला हवं होतं हे कळायला शिक्षण लागत नाही. अगं कल्पना, तो खेळ आपल्या दोघींचा होता. साहेब खूश होऊन आपुलकीनं विचारत होते. आत्ताच्या आत्ता त्यांना फोन लाव. एवढं म्हटलं असतं तर गुरुवारच्या गुरुवारी निस्तरलं असतं. पण हे मला इंग्रजीत म्हणता येईना आणि मराठी बोलले तर ती फोन कापेल. मी म्हटलं, "ओके, कल्पना. सी यू संडे." आणि कापला.

नियमावर ढकलता येतं म्हणून मी असं लिहिलं. खरं कारण असं की ती आनंदात होती आणि तो आनंद मोडायचं काम मला नको होतं. दुसऱ्या कोणाकडून तिला कळलेलं मला चालणार होतं.

कळलं शनिवारी. पाळी सुटल्यावर ती थेट घरी आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी चपला काढेना.

"साहेब सुपरवायझरला म्हणाले, मुलगी उद्धट आहे. बोलता बोलता तोंडावर फोन आपटते. दोनदा आपटला."

मी म्हटलं, "अगं पण एवढं कळू नये तुला? मुलाखतीत साहेब फसवतील कशाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. हिशेब लागत नसल्यासारखी. "तुम्हीच म्हणल्या होत्या ना मॅडम. समोर कोणीबी असो."

आतून नवऱ्यानं विचारलं, "कोण आहे गं?" मी म्हटलं, "क्लासची मुलगी आहे." तेवढ्या वेळात मला दुसरं काही उत्तर सुचतं का ते बघितलं.

कल्पनानं मुठीतली चिठ्ठी पुढे केली. "हा साहेबांचा नंबर. सुपरवायझर म्हणतो मी आता मधे पडणार नाय. मॅडम, तुम्ही एक फोन करा. तुम्ही इंग्लिशमधी सांगितलं की क्लासचा नियम हाय, तर त्यांना पटंल. सोमवारपर्यंत नाव बदलणार नाय म्हणलेत."

"करते," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"करते म्हटलं ना. जा तू. जेव काहीतरी."

रविवारी ती आली नाही. मी दुपारी वही घेऊन बसले आणि वाक्यं तयार केली. 'गुड मॉर्निंग सर. धिस इज अबाउट द कँडिडेट फ्रॉम अंबड. देअर हॅज बीन अ मिसअंडरस्टँडिंग.' अशी सहा वाक्यं. त्यांनी काही विचारलं तर काय म्हणायचं, त्याची आणखी चार. शब्दकोश काढला. मोठ्यानं म्हणून पाहिली. सोमवारी नवरा कामावर गेल्यावर, दहा वाजून गेल्यावर, दार लावून घेतलं आणि नंबर दाबला.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. मी पहिली तीन वाक्यं म्हटली. अगदी बोर्डावरच्या आवाजात.

मग साहेब हसून म्हणाले, "हां हां, ती फोन कापणारी मुलगी? तुम्ही तिच्या मॅडम का? बोला ना, मराठीतच बोला. मलाही जरा चुटपुट लागून राहिली आहे. चांगली बोलत होती हो. नेमकं झालं काय?"

मी फोन कापला.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की अंगठा सवयीनं गेला. कल्पनानं नियम म्हणून कापला होता, मी सवयीनंही नाही आणि नियमानंही नाही. इंग्रजीत मी म्हणणार होते की गैरसमज झाला आहे. कोणाचा, कोणामुळे, हे त्या वाक्यात कुठेच येत नव्हतं. म्हणून तर ते वाक्य मला आवडलं होतं. त्या माणसानं मराठीत विचारलं, नेमकं झालं काय. मराठीत त्याचं उत्तर एकच होतं. ती उद्धट नाही, तिला हे मी शिकवलं. आणि मग तो विचारणार, असं का शिकवता? त्या प्रश्नाच्या पुढे गुरुजी होते, फिलर होतं, माझी तीस वाक्यं होती. माझ्या मातृभाषेत मला लपायला जागा नव्हती.

फोन पुन्हा वाजला. त्यांचाच नंबर. मी तो टेबलावर पालथा ठेवला. टेबलाच्या सनमायकावर थरथरत तो काठापर्यंत सरकत गेला आणि थांबला. नंतर वाजला नाही.

सव्वाचारला कल्पनाचा मिस्ड कॉल आला. मी उलट फोन केला. त्या दिवशी ती पहिल्यापासून मराठीत बोलली. "मॅडम, लागला का फोन?"

"नाही गं. तीनदा लावला. लागलाच नाही."

टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "असू द्या मॅडम. तुम्ही केला ना."

त्या आठवड्यात डिस्पॅचमध्ये दुसरी मुलगी बसली. पुढच्या महिन्यात कल्पनाला ब्रेक मिळाला. तिनं खोली सोडली. सव्वाचारची वेळ मी कोणाला देत नव्हते, फोन घेऊन बसायची. मग ती वेळही दुसऱ्याला दिली.

नियम मी बंद केला. कोणाला कारण सांगितलं नाही. नव्या मुलांना म्हणायची, अडलात तर मराठीत विचारा, मला येत असेल तर सांगते, नाहीतर दोघं मिळून शोधू. 'मला माहीत नाही' हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं तेव्हा घाम फुटला होता. विद्यार्थ्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "बरं मॅडम," म्हणाला आणि पुढचं वाक्य बोलला. मुलं पूर्वीपेक्षा हळू शिकली असतील, पण फोनवर हसायला लागली. क्लास आणखी काही वर्षं चालला. मग काय ते शिकवणं मोबाइलमध्येच आलं आणि माझी दुसरी खुर्चीही यंत्रानंच नेली.

क्लास चालू होता त्याच काळात, त्या सोमवारनंतर चारेक वर्षांनी, कल्पना मला पंचवटीच्या भाजीबाजारात भेटली. मी मेथीची जुडी हातात घेऊन भाव करत होते. मागून तोच खणखणीत आवाज आला. अंगानं भरली होती, खांद्याला मोठी पर्स. हातानं मला 'थांबा' अशी खूण केली, कारण ती फोनवर होती.

"सर, कंटेनर रीच झाला, बट फिलर शॉर्ट हाय. टुमारो मॉर्निंग गाडी पाठवा, नायतर पॅकिंग स्टॉप करावं लागंल. येस सर. नाय सर, लेडीज सगळ्या प्रेझेंट हायेत." तो ठेवते न ठेवते तोच दुसरा आला. कोणा ड्रायव्हरला हिंदीत रस्ता सांगितला. तिसरा आला, तो तिच्या बोलीत, बहुतेक आईचा. मला त्यातला चौथा हिस्सा कळला. तीन फोन, चार भाषा, कुठेही थांबणं नाही, अडणं नाही. एकात शब्द नाही मिळाला तर दुसरीतून उचलायचा आणि पुढे जायचं. माझ्या नियमानं तिचे तिन्ही फोन पहिल्या वाक्यात कापले गेले असते.

"सॉरी मॅडम," ती माझ्या पाया पडायला वाकली, बाजारात, चिखलात. "सीझन चालू हाय. दिंडोरीला द्राक्षांच्या पॅकहाउसला हाये. चाळीस बायांवर मी बघते. माल भायेरदेशी जातो."

"म्हणजे कायमची नोकरी?"

"कायम कुठली मॅडम. सीझनपुरतं. चार महिने. मग घरी." हसून म्हणाली, "शेवटी द्राक्षातच गेले बघा."

मी मेथी पिशवीत घातली. सुट्टे शोधायचं निमित्त करून पर्समध्ये बघत राहिले. ती म्हणाली, "तुमची लय आठवण येते. तुमच्यामुळं फोनची भीती गेली." आणि मग, सहज, पावसापाण्याचं विचारावं तसं: "मॅडम, त्या टायमाला साहेबांचा फोन लागलाच नाय ना? मला कधीकधी वाटतं, लागला असता तर."

भोवती बाजार चालू होता. ती मराठीत विचारत होती, मला मराठी येते.

"नाही गं," मी म्हटलं. "नाही लागला."

"नशीब एकेकाचं," ती म्हणाली. तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गर्दीत गेली.

दिंडोरीला, पेठला दिवाळी अंक कुठे मिळतात मला माहीत नाही. कोणी नेऊन दिला तर कल्पना वाचेल, तिला वाचायला आवडायचं.

फोन लागला होता, कल्पना. पहिल्याच रिंगला.